भुरी, घर आणि बाबा

मस्तगड म्हणजे जालन्यातली १७२५ सालची गढी. भुरी तिथल्याच गल्लीतली. आता ती आमच्याकडे असते, आणि लोक म्हणतात, "वा, कुत्रीला घर दिलंत!" मला गंमत वाटते. अहो, घर होतंच की तिला! टपरी, दुपारची सावली, रात्रीची हद्द... सगळं ठरलेलं. ते सोडून तिने चार भिंतींत राहायचं, एवढं सोपं आहे का ते?

पहिले तीन दिवस जिन्याखालून हललीच नाही. मिक्सर लागला की थरथर. आई म्हणे, "अगं ये ना, कोणी खात नाही तुला!" पण मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं : आपणहून हात लावायचा नाही, टक लावून बघायचं नाही, ती जेवत असताना पोरांनी जवळ फिरकायचं नाही. भात-अंडं रोज त्याच वेळी, त्याच जागी. उठल्यावर, जेवल्यावर, झोपण्याआधी बाहेर. घरात शू केली तर न ओरडता पुसायचं. रेबीजची लस आणि नसबंदी, हे तर हवंच.

बाबांची अट वेगळीच. "महिनाभर बघू. नाही रुळली तर जिथली तिथे सोडून ये."

तिसऱ्या आठवड्यात भुरी बैठकीत आली. पंख्याखाली आडवी झाली. बस्स, एवढंच.

रात्री दोनला मात्र अजूनही दाराशी उभी राहून गल्लीच्या दिशेने भुंकते. मग बाबा उठतात, खुर्ची ओढतात आणि ती गप्प होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहतात. महिना कधीच उलटून गेलाय.