सिक्लिडची टाकी आणि बोटावरची गाठ

आमच्या घरी चार फूट लांबीची, साधारण 250 लिटरची काचेची टाकी आहे आणि तिच्यात आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या जातींचे सिक्लिड मासे आहेत. दवाखान्यातून आल्यावर अर्धा तास तिच्यासमोर बसणं हा माझा विरंगुळा. आरोग्याच्या लेखात मासे कुठून आले, असं तुम्हाला वाटेल. पण या टाकीच्या सजावटीचा आणि आपल्या हातांच्या त्वचेचा जवळचा संबंध आहे.

सरोवराच्या खडकाळ भागात राहणाऱ्या या माशांना तिथे 'म्बुना' म्हणतात. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपली कपार दुसऱ्याला मिळू द्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव. म्हणून त्यांच्या टाकीत झाडं कमी आणि दगड भरपूर लागतात. दगड आधी तळाशी पक्के बसवावेत आणि मग भोवती वाळू घालावी. हे मासे वाळू उकरतात, त्यामुळे वाळूवर रचलेला ढीग कोसळून काच फुटू शकते. पाण्याचा पीएच 8 च्या आसपास आणि तापमान 24 ते 26 अंश सेल्सिअस हवं. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. एकूण संख्याही थोडी जास्त असावी, म्हणजे दांडगट नराचा राग एकाच माशावर निघत नाही. माझ्याकडे 18 मासे आहेत. गर्दी म्हटली की घाण आलीच, त्यामुळे फिल्टर मोठा लागतो आणि दर आठवड्याला साधारण तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं.

म्हणजेच खरबरीत दगड आणि सतत पाण्यात जाणारे हात. खरचटणं आलंच!

माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या उजव्या हाताच्या बोटावर जांभळट गाठ होती. फारशी दुखत नव्हती, पण अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही दोन महिने बरी होत नव्हती. मनगटाच्या वर एका रेषेत आणखी दोन बारीक गाठी आल्या होत्या. कॅन्सरच्या भीतीने त्यांची झोप उडाली होती. मी विचारलं, "घरी फिशटँक आहे का?" होता, आणि महिनाभर आधी त्यांनी त्यातले दगड नव्याने रचले होते.

या आजाराला 'फिश टँक ग्रॅन्युलोमा' म्हणतात. तो मायकोबॅक्टेरियम मरिनम या क्षयरोगाच्या जंतूच्या चुलतभावामुळे होतो. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये हा जंतू प्रथम सापडला. तो 30 अंशांच्या आसपास उत्तम वाढतो, 37 अंशांना त्याची वाढ मंदावते. म्हणून शरीराच्या आत शिरण्याऐवजी तो बहुधा बोटं, हात अशा थंड भागांतच राहतो. जखमेनंतर गाठ दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त काळ लागतो. तोवर खरचटल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं.

निदान बायोप्सी आणि कल्चरने होतं. मात्र नमुना कमी तापमानालाही वाढवायचा आहे, हे प्रयोगशाळेला कळवावं लागतं. क्षयरोगावरची सगळी औषधं इथे चालत नाहीत. योग्य औषधं मात्र काही महिने घ्यावी लागतात. दुर्लक्ष केलं तर संसर्ग स्नायूबंध आणि सांध्यापर्यंत जाऊ शकतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्या गृहस्थांची पहिली काळजी लहान मुलीची होती आणि दुसरी, मासे देऊन टाकावे लागतील का, ही. दोन्ही बाबतीत मी त्यांना निर्धास्त केलं. चार महिन्यांच्या औषधांनी बोट बरं झालं.

काळजी घेणं सोपं आहे:

- हातावर जखम, चीर किंवा इसब असेल तर टाकीत हात घालू नका.
- दगड हलवताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. टोकदार कडांचे दगड निवडूच नका.
- काम झाल्यावर साबणाने हात धुवा. खरचटलं असेल तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली धुवा.
- पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नका. टाकीचं सामान स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.
- स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा.

आणि हातावरची गाठ तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर डॉक्टरांना आपणहून सांगा, "माझ्याकडे मासे आहेत." हे एक वाक्य तुमचे कित्येक महिने वाचवू शकतं.