चौकटीत काय घ्यावे?

रानाचे छायाचित्र काढणे माणसाचे छायाचित्र काढण्याहून अवघड आहे, असे माझे मत झाले आहे. माणसाला "जरा बाजूला सरका" म्हणता येते; झाडाला कोण सांगणार? तिथे आपणच सरकायचे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावाला देवरहाटी आहे. देशावर हिलाच देवराई म्हणतात. देवाच्या नावाने राखलेले रान. आत कुऱ्हाड चालवायची नाही, हा जुना दंडक. किंजळ, सातवीण, बेहडा यांचे जुने बुंधे, आणि गारंबीचे अजस्र वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. आजीचे गुडघे आता तिला तिथवर नेत नाहीत. "मला राहाटी दाखव," असे ती म्हणाली आणि गेल्या श्रावणात मामाचा कॅमेरा घेऊन मी गेलो.

श्रावणच का? भर दुपारचे ऊन रानातल्या छायाचित्राचे वैरी. पानांतून पडणारे कवडसे पांढरेफटक उमटतात, सावल्या काळ्याकुट्ट होतात. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. ढगाळ आभाळाचा उजेड मात्र चाळून घेतल्यासारखा सगळीकडे सारखा पडतो. खोडावरचे शेवाळसुद्धा स्पष्ट दिसते. ओल्या पानांची चकाकी हिरवा रंग झाकून टाकते. त्यासाठी भिंगावर पोलरायझर फिल्टर लावून तो हळूहळू फिरवायचा आणि चकाकी विझली की थांबायचे. पण हा फिल्टर मुळातच थोडक्या उजेडातला बराचसा स्वतःच गिळतो. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, छिद्र एफ ११, वेळ अर्धा सेकंद. आणि वारा पडेपर्यंत आपण गप्प उभे!

मांडणीचे तत्त्व त्याहून सोपे : कमी करीत जाणे. सगळे रान घेऊ गेले की नुसता गुंता हाती लागतो. एकच बुंधा मुख्य धरावा. त्याला मागचे खोड चिकटलेले दिसले तर दोन पावले डावीकडे जावे. पानांमधला आभाळाचा पांढरा तुकडा नजर ओढून घेतो, म्हणून कॅमेरा किंचित खाली झुकवावा. पायवाट कोपऱ्यातून आत शिरू द्यावी. पाहणारा तिच्यावरून आत चालत जातो. आजीला तर चालायचेच होते.

कमी करता करता एका जागी मात्र मी अडलो. देवळासमोर निळ्या पत्र्याचा नवा सभामंडप उभा राहिला आहे. चौकट थोडी डावीकडे घेतली की तो नाहीसा होतो आणि राहाटी पूर्वीसारखी दिसते. नियमाप्रमाणे तेच योग्य. पण आजीने ती राहाटी मंडप झाल्यापासून पाहिलेली नाही. तिच्यासाठी कुठली चौकट खरी?

मी दोन्ही छायाचित्रे काढली आणि दोन्ही तिच्या हातात दिली. पहिले तिने कौतुकाने पाहिले. दुसऱ्यातल्या पत्र्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथं किंजळाचं मोठं झाड होतं. लग्न होऊन आले तेव्हा त्याच्याच सावलीत बसवली होती मला." मग कितीतरी वेळ ती एकेका झाडाबद्दल सांगत राहिली.

छायाचित्र म्हणून पहिलेच सरस आहे, यात मला शंका नाही. आजीच्या खाटेजवळच्या भिंतीवर मात्र दुसरे लागले आहे. तिला विचारून त्याच्या पाठीमागे झाडांची नावे लिहीत आहे. आजपर्यंत एकवीस झाली.