बाटलीवरचे नाव

आमच्या हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या शेजारी फॉर्मॅलिनच्या बाटलीत एक साप आहे. तो माझ्या सांगण्यावरून मारला गेला.

१९९४ साली मी खानापूर तालुक्यातल्या या शाळेत नुकताच रुजू झालो होतो. आठवीच्या वर्गात फळ्याच्या चौकटीवर हातभर लांबीचा साप दिसला. काळपट अंग, त्यावर पांढरे पट्टे. "मण्यार, मण्यार" म्हणून मुले ओरडली. शिपाईमामांनी माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली आणि दोन काठ्यांत काम झाले. विज्ञानाचे सर रजेवर होते. मी इतिहासाचा एम. ए., अक्षर बरे. बाटलीवर मीच लिहिले, 'मण्यार. अत्यंत विषारी.'

चार वर्षांनी सापांचे एक जाणकार बेळगावहून व्याख्यानाला आले. त्यांनी बाटली खिडकीपाशी नेऊन फिरवली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, हा कवड्या. पालींच्या मागे भिंती चढतो. माणसाला विषबाधा करत नाही." मग त्यांनी मला खुणा दाखवल्या. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. डोके चपटे, मानेहून रुंद. मोठ्या मण्यारीचे याच्या उलट. मानेमागे बराच भाग कोरा, पुढे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने, शेपटीकडे जास्त ठळक. शिवाय पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक रांग.

मी चिठ्ठी बदलली. पण एका निरुपद्रवी जीवाला मारल्याची टोचणी अशी लागली, की पुढे कुणी पट्ट्यांच्या सापाचे नाव काढले, की मी न बघताच "कवड्या असेल हो" म्हणू लागलो. खुणा अर्ध्या विसरलो आणि वकिली तेवढी शिल्लक राहिली. आमच्या भागात आधीच नावांचा गोंधळ. धामणीला कन्नडमध्ये 'केरे हावु' म्हणतात. 'केरे' म्हणजे तळे ठाऊक असल्याने मी कित्येक वर्षे तिला तळ्यातला साप समजत होतो! ते 'के' दीर्घ असते, हे मला माझ्याच एका विद्यार्थ्याने सांगितले.

जुलै २०२४ मधली गोष्ट. ओढ्यांना पाणी येऊन एस. टी. बंद झाली आणि लांबच्या गावांची अकरा मुले शाळेतच अडकली. मुख्याध्यापक म्हणून मीही थांबलो. हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. रात्री दहाच्या सुमारास वीज गेली, आणि पाणी प्यायला उठलेल्या एका मुलाने हाक मारली. बॅटरी घेऊन गेलो, तर उंबऱ्यालगत एक पट्ट्यांचा साप.

"घाबरू नका रे, कवड्या आहे," मी म्हणालो. तीस वर्षांची भरपाई करण्याची संधीच जणू! हातात लाकडी पट्टी होती. तिच्यावर उचलून त्याला पडवीत सोडावा म्हणून वाकलो, तोच मागून शर्ट ओढला गेला.

"ब्याड्री सर, ब्याड्री! कट्टु हावु!"

मुलगा नववीतला. वडील आमच्या भागातले मराठी, आई सौंदत्तीकडची. घाबरला की त्याच्या तोंडून आईची भाषा येते. मी दोन पावले मागे सरकलो आणि पुन्हा पाहिले. मानेमागे वीतभर अंग काळे कुळकुळीत, एक पट्टा नाही. पुढे मात्र पांढऱ्या रेघा, दोन-दोन, शेपटीपर्यंत. ती मण्यार होती.

मुलांना बाकांवर चढवले आणि तालुक्याच्या गावी सर्पमित्राला फोन लावला. तो पावसातून येईपर्यंत पावणेदोन तास गेले. मण्यार कोपऱ्यातल्या दप्तरांआड जाऊन बसली होती. तिने नजर चुकवली तर अकरा मुले जमिनीवर कशी झोपवायची? बॅटरीचा उजेड मी तिच्यावरून हलू दिला नाही. हात भरून आला तसा तो मुलगा जवळ आला, बॅटरी धरू लागला आणि आपणहून बोलू लागला. त्याचा मामा जमिनीवर झोपला होता. रात्री काही कळले नाही. सूज नाही, कळ नाही. पहाटे पोट दुखू लागले, तेव्हा घरच्यांनी ओवा दिला. मग पापण्या मिटू लागल्या. झोप येत असेल, असे सर्वांना वाटले. श्वास जड झाल्यावर गाडी शोधली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता.

मी त्याला काय सांगणार? नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चारींच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात, डॉक्टर लक्षणे पाहूनही उपचार सुरू करतात, साप मारून न्यायची गरज नसते, हे सगळे मला ठाऊक होते. त्या वेळी बोललो नाही.

सर्पमित्र कॉलेजातला पोरगा निघाला. लांब आकडीने त्याने मण्यार बरणीत घेतली, झाकण फिरवले आणि म्हणाला, "सर, ओळख पटली नाही तर मण्यारच समजायचं आणि लांब राहायचं." मी पट्टी घेऊन वाकलो होतो, हे त्याला कुणी सांगितले नाही. मुलांनीही माझी अब्रू राखली.

त्या रात्री मुले बाके जोडून झोपली. सकाळी मी त्या मुलाला प्रयोगशाळेत नेऊन बाटली दाखवली. फॉर्मॅलिनमध्ये पट्टे फिकट झाले आहेत, पण मानेपासून सुरू होतात हे अजून दिसते. त्याने बोटाने मोजून पाहिले.

"याला तुमच्या घरी काय म्हणतात?" मी विचारले.

"यालाही कट्टु हावुच म्हणतात, सर."

चिठ्ठी मी नव्याने लिहिली. कन्नड नावासाठी खाली एक ओळ सोडली आहे. ती अजून कोरीच आहे.