घासून पुसून

माझ्या हाताला घासण्याची सवय आहे. ती मी कमावलेली नाही; आईकडून आली. दिवाळी आठ दिवसांवर आली की आई माळ्यावरची सारी पितळी भांडी अंगणात उतरवी आणि चिंचेचा कोळ व चुलीतली राख घेऊन त्यांच्यापुढे बसे. काळवंडलेले घंगाळे तासाभरात सोन्यासारखे झळकू लागे. "जितके घासावे तितके उजळते," असे ती म्हणे. तिचे हे वाक्य मी जन्माचे ब्रीद म्हणून उचलले. घरातली भांडी, शाळेतला फळा, वर्गातली मुले, साऱ्यांना मी हाच नियम लावला.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दारात मोटार आली. दुसऱ्याने वापरलेली, जुनीच. पण तिची चाके मोठी ऐटबाज. साधी पत्र्याची नव्हेत, तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, पाकळ्यापाकळ्यांची. विकणारा त्यांना 'अलॉय' म्हणाला, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. नागपूरच्या रस्त्यांनी ती ऐट फार दिवस टिकू दिली नाही. उन्हाळाभर धूळ, पावसाळाभर चिखल, आणि बारा महिने कुठे ना कुठे चाललेले सिमेंट रस्त्याचे काम! यांतले पुष्कळसे पाण्याने जाई. पण पुढच्या दोन चाकांवर एक तपकिरी-काळा थर बसला, तो मात्र साबणाला दाद देईना. आमचे हे म्हणाले, "राहू दे ग. चाके म्हणजे मोटारीचे पाय. पाय मळायचेच." पण दसरा तोंडावर आलेला. मोटारीला झेंडूची माळ घालायची, कुंकू लावायचे, आणि पाय असे काळे?

खंडेनवमीच्या सकाळी मी बादली घेऊन बसले. चिंच झाली, भांड्यांची पावडर झाली, तारेची घासणीही झाली. शेवटी न्हाणीघराची फरशी धुण्याचे ॲसिड आणून पुढच्या डाव्या चाकावर ओतले. ते फसफसले, तेव्हा मला विजय झाल्यासारखे वाटले. मळ निघाला खरा. पण त्याच्याबरोबर चकाकीही निघून गेली. पाकळ्यांवर दुधट डाग उमटले. जणू चाकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला! मी तरीही घासतच होते.

"काय करून राहिल्या जी मॅडम?"

फाटकाशी एक तिशीचा तरुण उभा होता. रिंग रोडवर त्याचे गाड्या धुण्याचे दुकान आहे. माझे उपद्व्याप पाहून ह्यांनीच त्याला गुपचूप फोन केला होता. ॲसिडची बाटली पाहून त्याने कपाळाला हात लावला. "बाप्पा!" म्हणाला, आणि आधी त्या चाकावर बराच वेळ पाण्याची धार सोडली.

मग त्याने मला जे सांगितले, ते मी आजवर कुणाकडून ऐकले नव्हते. चाकावरचा तो थर रस्त्याचा मळ नव्हेच. ब्रेक दाबला की आतली पट्टी लोखंडी तबकडीवर घासते आणि लोखंडाचे बारीक, तापलेले कण उडून चाकाला चिकटतात. दमट हवेत ते गंजतात आणि वरच्या पारदर्शक लेपात रुतून बसतात. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणून पुढची चाके अधिक मळतात. मी घासत होते ती धातूची चकाकी नव्हती, त्या लेपाची होती. पितळेचे काळेपण चिंचेच्या आंबटपणात विरघळते. ॲल्युमिनियमचा स्वभाव निराळा. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते अंगावर एक पातळ पापुद्रा धरते, आणि तोच त्याचे रक्षण करतो. ॲसिडही त्या पापुद्र्याला खाते आणि कॉस्टिक सोड्यासारखा क्षारही खातो. ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी 1989 साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू यांच्या नावाचे केंद्र आमच्याच नागपुरात, अमरावती रस्त्यावर वाडीला आहे. त्याच गावच्या मास्तरणीने असे करावे!

उरलेल्या तीन चाकांना त्याने मला हात लावू दिला नाही. गाडी सावलीत घेतली. चाके निवू दिली. तापल्या चाकावर औषध सुकून डाग पडतात. मग एक पाण्यासारखे औषध फवारले. वास नासक्या अंड्याचा. पण पाहता पाहता ते जांभळाच्या रसासारखे रंगून ओघळू लागले. रुतलेले लोखंड सुटत होते. माझा हात आपोआप घासणीकडे गेला.

"घासू नका जी. भिजू द्या."

चार-पाच मिनिटांनी, ते सुकायच्या आत, त्याने पाण्याने धुतले आणि मऊ कुंच्याने फटी साफ केल्या. चाकांची बादली वेगळी, फडके वेगळे. नाहीतर त्यातली कच गाडीच्या रंगावर ओरखडे काढते. बोअरचे जड पाणी सुकून पांढरे ठिपके धरू नयेत म्हणून कोरड्या फडक्याने टिपले आणि वर मेणाचा हात दिला. "हप्त्याला एकदा शाम्पूच्या पान्यानं धुवा. बस झालं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा आपण घासतो काय जी? तूप-हळद लावून शेकतो. जो भार वाहते, त्याले घासाचं नसते."

"कुठे शिकलास रे हे सारे?"

"पुण्याले. शाळेत तर तुमच्याच होतो ना मॅडम. आठवी ब."

तेव्हा मला तो चेहरा लागला. शनिवारची स्वच्छता तपासणी. शर्टाच्या बाहीवर काळे, तेलकट डाग. दर शनिवारी मी त्याला रांगेबाहेर काढून नळावर पाठवी, आणि दर शनिवारी तो ओल्या बाहीने वर्गाच्या दाराशी उभा राही. सकाळी शाळेआधी तो पंक्चरच्या दुकानात काम करी, हे मला पुढे केव्हातरी कळले. तोवर तो यायचा थांबला होता, आणि हजेरीपटातल्या त्याच्या नावावर लाल शाईची रेघ मीच ओढली होती.

"तवा बी तुम्ही लय घासत होत्या मॅडम," तो म्हणाला आणि मनमोकळा हसला. मला हसता आले नाही.

त्याने पैसे पुरते घेतले, एक रुपया कमी केला नाही. मला बरे वाटले.

ते डावे चाक तसेच आहे. नवा लेप देता येतो, असे तो म्हणाला. मी अजून दिलेला नाही. शाळेला निघताना ते रोज दिसते. शनिवारची तपासणीही मी अजून घेते. बाहीवर डाग दिसला तर आधी विचारते, "कुठला रे हा?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, ते ऐकून घेते, आणि मुलाला रांगेतच राहू देते.

पितळी भांडी मात्र या दिवाळीतही आईसारखीच घासणार आहे. त्यांना ते मानवते.