कुंपणापलीकडचे चार दाणे

आम्ही आळशी आहोत, याविषयी आमची कचेरी, शेजारी आणि सौभाग्यवती यांचे एकमत आहे. दिल्लीत येऊन आम्हांला ९ वर्षे झाली. दोन वर्षांतून एकदा सरकारी खर्चाने स्वग्रामी जाण्याची सवलत असूनही गेल्या ४ वर्षांत आम्ही मिरजेचे तोंड पाहिलेले नाही. तेथे मातुःश्री एकट्या असतात. आमची माया आटली की काय, अशी शंका परवा आम्हांलाच आली, आणि तिचे उत्तर सापडले ते उंदरांपाशी!

रसिक वाचकांनी दचकू नये. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य असते. ते मज्जापेशींचे निरोप पोचविते, हे दाखविणारे स्वीडनचे आर्विद कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. लोक त्याला सुखाचे द्रव्य समजतात. पण अमेरिकेतील जॉन सॅलमोन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात उंदरांपुढे दोन वाटा ठेवल्या. एकीच्या टोकाशी २ दाणे, आणि वाट मोकळी; दुसरीच्या टोकाशी ४ दाणे, पण मध्ये उभे कुंपण. धडधाकट उंदीर कुंपण चढून चार दाणे गाठीत. मेंदूच्या एका भागातील डोपामिन घटविले, तेव्हा ते दोनांवरच समाधान मानू लागले. त्यांची भूक मेली नव्हती. कुंपण काढताच ते चारांकडेच वळत. गोडी शाबूत होती, कष्टाची उमेद तेवढी गेली होती.

हे वाचून आम्हांला केवढा धीर आला म्हणून सांगावे! रजेचा अर्ज, तो वाचतानाची वरिष्ठांची मुद्रा, गोवा एक्सप्रेसचे आरक्षण, ही आमची कुंपणे. माया जागच्या जागी आहे, दोष द्रव्याचा. (आमचे द्रव्य कोणी मोजलेले नाही, पण सबब म्हणून ते झकास आहे.)

मात्र या प्रयोगांत पुढे एक खोच निघाली. मोकळ्या वाटेवरचे दोन दाणेही काढून घेतले, तेव्हा तेच उमेद गेलेले उंदीर कुंपण चढून गेले!

येथे आम्ही वाचन थांबविले. दर रविवारी सकाळी आम्ही मातुःश्रींना फोन लावतो. पडद्यावर त्यांचे कपाळ आणि बरेचसे छत दिसते. "चहा झाला का?" "झाला." "थंडी आहे का रे?" "आहे." दहा मिनिटांत सारे आटोपते, आणि आठवडाभर मन कसे निश्चिंत असते. आमचे दोन दाणे ते हेच.

या रविवारी आम्ही फोन केला नाही. सकाळी ८ वाजता आरक्षण उघडते, त्याच्यापुढे ठाण मांडून बसलो. नऊच्या सुमारास फोन वाजला.

"आज फोन का नाही केलास? बरा आहेस ना?"

आमच्या हाती तेव्हा प्रतीक्षायादीतील ४१ वा क्रमांक होता. तो आम्ही त्यांना सांगितला.

"म्हणजे येणार की नाही?" मातुःश्रींनी विचारले.