मास्तरांची इस्टेट

टाटांची सिएरा 2025 च्या नोव्हेंबरात नव्या रूपात परत आली आणि आमच्या घरात जुना विषय पुन्हा निघाला. पहिली सिएरा आली होती 1991 साली. तिच्या पाठोपाठ 1992 मध्ये आली ती टाटा इस्टेट, आणि ती आजही आमच्या दारात उभी आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आता तरी भंगारात द्या." मुलगी लातूरला असते, ती फोनवरून म्हणते, "देऊन तर बघा!" इस्टेटीवरून भावंडांत वाद घरोघरी होतात. मास्तराच्या घरी तो असा होतो.

ज्यांनी ही गाडी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेल्को (2003 पासून टाटा मोटर्स) तेव्हा मुख्यतः ट्रकवाली कंपनी. त्यांची टाटामोबाईल नावाची पिकअप होती. तिच्याच सांगाड्यावर सिएरा आणि इस्टेट उभ्या राहिल्या. वरचा थाट साहेबी: एसी, बटणाने खालीवर होणाऱ्या काचा, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. आतली हाडं मात्र पिकअपची. मागे कमानपाटे, पुढे 1948 सीसीचं डिझेल इंजिन. छत सरळ मागपर्यंत गेलेलं, मागचं सीट पाडलं की अख्खी पलंगाएवढी जागा. ॲम्बॅसेडर आणि फियाट बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ती मर्सिडीजच वाटायची.

मी घेतली 2000 साली, नांदेडच्या एका डॉक्टरांकडून. गाडी 1994 ची, पांढरी. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. "गुरुजी, शिकवण्या जोरात दिसतात!" मी शिकवण्या कधीच घेतल्या नाहीत, पण कुणाकुणाला सांगत बसणार? मला हौस नव्हती, गरज होती. आई अहमदपूर तालुक्यात गावी, आम्ही नांदेडला, आणि दर हंगामाला ज्वारीची, तुरीची पोती एसटीच्या टपावर चढवून आणायची. त्या डॉक्टरांची मुलं जिथे क्रिकेटचं सामान ठेवत, तिथे आमची पोती आली. पहिल्याच खेपेला आतल्या गालिच्यावर भुसा पडला आणि गाडी आमची झाली.

2003 च्या डिसेंबरात आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. गावातल्या लोकांनी रुग्णवाहिका बोलवायची तयारी केली तर तिने हात धरला. "त्या गाडीत नेलेलं माणूस माघारी येतंय का रे?" निरोप आला तसे मी आणि आमची ही निघालो. माळेगावची खंडोबाची यात्रा भरलेली. लोह्याच्या पुढे रस्ता म्हणजे नुसते घोडे, गाढवं, उंट आणि माणसं. वाटलं, आज काही आपण पोचत नाही. पण पांढरी लांब गाडी बघून कुणीतरी ओरडलं, "ॲम्ब्युलन्स हाय, सरका!" आणि गर्दी दुभंगली. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. गावात पोचलो, मागचं सीट पाडलं, गादी टाकली. आई आडवी, ही तिच्या उशाशी बसलेली, आणि मी चाळीसच्या वर न जाता लातूर गाठलं. आई त्याच गाडीतून माघारी आली. त्यानंतर चार वर्षं होती.

गाडी एवढी वर्षं टिकली कशी, हे मला बरेच जण विचारतात. उत्तर आहे सुमो. 1994 साली आलेल्या सुमोतही याच जातीचं इंजिन होतं, आणि मराठवाड्यात वडापच्या सुमो किती होत्या ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे नांदेड काय, अहमदपूर काय, मिस्त्री एकच वाक्य म्हणतो, "सर, सुमोचं बसतंय की!" बसत नाही ते साहेबी सामान. मागची काच, दिव्यांची भिंगं मिळत नाहीत. एसी वयोमानाने गेला तो गेलाच. बटणाच्या दोन काचा आता हाताने ओढून वर घ्याव्या लागतात. थाट गळून पडला, पिकअप उरली. माझ्या दातांचंही साधारण असंच झालं आहे.

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वॅगनची, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमची इस्टेट दर रविवारी वीस लिटरचे पंधरा कॅन घेऊन लेकीकडे जायची. म्हणजे तीनशे लिटर. हिशोब केला तर रेल्वेच्या एका खेपेसाठी मला सोळाशे सहासष्ट फेऱ्या कराव्या लागल्या असत्या, वर दोनशे लिटर राहिलेच असते. डिझेलचा हिशोब मी केला नाही. नातू तेव्हा तीन वर्षांचा. कॅन उतरवताना तो प्रत्येक कॅनला हात लावून मोजायचा, आणि बारानंतर एकदम वीस म्हणायचा.

मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. 2022 च्या एप्रिलपासून फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. धूर आहेच, त्याबद्दल मी वाद घालत नाही. आणि भंगाराचं प्रमाणपत्र घेतलं तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, ती त्याला हवी आहे. त्याला मी म्हटलं, कागद 2029 पर्यंतचा आहे, 2024 मध्ये पैसे भरून करून घेतलाय. तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. रात्री गाडी चालवणं मी आताच सोडलंय, घाटातही सावकाश घेतो.

असो. मागच्या आठवड्यात कमानपाट्याचं एक पान बदलून घेतलं. सोमवारी लातूरला जायचंय, नातवाची सायकल आणि दोन पोती ज्वारी आहे. सकाळी सातला निघू, म्हणजे ऊन व्हायच्या आत पोचतो.