रंध्याचा आवाज

सुताराच्या हत्यारांत करवत बोलकी, पटाशी अबोल आणि रंधा गुणगुणणारा, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. बेळगावातील आमच्या घरामागे थोरल्या काकांचा कारखाना होता. तेथे प्लेनर आला आणि ते गुणगुणणे संपले.

प्लेनरच्या रुळावर तीन लांब, सरळ पाती असत. मिनिटाला पाच हजार फेरे धरले, तर फळीवर सेकंदाला २५० घाव पडतात; आणि प्रत्येक घाव पात्याच्या सबंध लांबीने, एकाच क्षणी. कानांत कापसाचे बोळे घालून काकांनी त्या कर्कश सुराशी तीस वर्षे संसार केला. पुढे पुढे आमटी हवी का, हेही त्यांना ओरडून विचारावे लागे. कानाच्या आतील नाजूक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

चुलतभावाने अलीकडे त्याच यंत्राला हेलिकल कटर हेड बसविले. यात लांब पात्यांऐवजी बोटाच्या पेराएवढ्या, टंगस्टन कार्बाइडच्या चौकोनी चकत्या रुळाभोवती मळसूत्रासारख्या ओळींत बसविलेल्या असतात. एका वेळी मोजक्याच चकत्या लाकडाला भिडतात. घाव वाटला जातो, म्हणून आवाज उतरतो.

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. फणसाच्या लाकडात तंतू थराथराने उलटसुलट वळलेले असतात. सरळ पाते तेथे खपल्या उपटते. काका अशा फळीवर हातरंधा किंचित तिरका धरूनच ढकलीत. चकतीची धारही तशीच तिरकी लागते आणि लाकूड सोलल्यासारखे निघते. (काही हेडांत ओळी मळसूत्री, पण धार सरळच असते, तेथे आवाज कमी होतो, हा दुसरा लाभ मिळत नाही. घेणाऱ्याने एवढे पाहून घ्यावे.)

सागवानातील सिलिका पोलादाची धार लवकर खाते. मग पाती उतरवा, निसण्यावर घासा, केसाच्या अंतराने जुळवा. यात अर्धा दिवस जाई. कार्बाइड त्याला पुष्कळ काळ दाद देत नाही. चकतीला चार धारा. एक बोथटली की पाव फेरा फिरवायची. खिळा लागला तरी दुखावलेल्या चकत्यांपुरतेच काम. मात्र चकतीखाली भुशाचा कण राहिला, तर प्रत्येक फळीवर चर उमटतो. किंमत कैक पट, खोल कापाला मोटारीचा जोरही अधिक लागतो. आणि पॉलिशखाली बारीक लहरी दिसू नयेत म्हणून शेवटचा हात रंध्याचाच.

पहिल्या दिवशी काका यंत्राशेजारी बसले होते. फळी आत गेली, तसे त्यांनी विचारले, ‘‘मशीन बंद पडलं काय रे?’’ भावाने त्यांचा तळवा यंत्राच्या अंगावर ठेवला.

कारखान्यातल्या दोन पोरांना भाऊ आजही कानांवर आवरण चढविल्याशिवाय यंत्राजवळ फिरकू देत नाही. हेड बदलले, तरी मोटार आणि भुसा ओढणारा पंखा काही गप्प बसत नाहीत.